तळघरातलं होम थिएटर: आवाज कोंडताना या चुका टाळा

भिंतींवर फोमचे चौकोन चिकटवून झाले, पिक्चर लावला आणि वरच्या मजल्यावर जाऊन ऐकलं, तर धडधड जशीच्या तशी! यात फोमचा दोष नाही, त्याच्याकडून भलतीच अपेक्षा केली गेली. फोम, जाड पडदे, गालिचा यांनी खोलीतलं घुमणं कमी होतं, संवाद स्वच्छ ऐकू येतात. आवाज बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर लागतं वजन, हवाबंद बांधणी आणि दोन थरांमधली फारकत. ४० हर्ट्झच्या बासची तरंगलांबी साधारण साडेआठ मीटर असते. ५ सेंटिमीटरचा फोम त्याला काय अडवणार?

सामानावरचा एसटीसी आकडा (आवाज किती अडतो याचं माप) बघून निर्धास्त होणं हीसुद्धा याच जातीची चूक. तो आकडा १२५ ते ४००० हर्ट्झपुरताच मोजतात आणि सबवूफरचं, म्हणजे खास बासच्या स्पीकरचं, बहुतेक काम त्याच्या खालीच चालतं.

पण या सगळ्याच्या आधी ओल तपासा. अर्धा मीटर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा फरशीवर आणि एक भिंतीवर, चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला थेंब असतील किंवा खालचं काँक्रीट गडद झालं असेल, तर पाणी काँक्रीटमधून येतंय. थेंब फक्त बाहेरच्या बाजूला असतील, तर खोलीतली हवा दमट आहे. ही परीक्षा पावसाच्या दिवसांत घेतलेली बरी. ओलीवर बोर्ड चढवले की मागे बुरशी धरते आणि एक दिवस सगळं उखडावं लागतं.

तळघराच्या बऱ्याचशा भिंतींमागे माती असते, ती आवाज फुकट अडवते. आवाज निसटतो तो मुख्यतः छतातून, दारातून आणि डक्टमधून, म्हणजे हवा खेळवणाऱ्या नळांतून. तरीही बरेच जण पैसा भिंतींवर ओततात आणि छतापाशी हात आखडता घेतात. माझ्या मते उलट करा: निम्म्याहून जास्त लक्ष छताकडे द्या.

छताचं उत्तम काम म्हणजे रबरी क्लिपांवर अडकवलेलं चॅनेल (पत्र्याची पट्टी), त्याला जिप्सम बोर्डाचे दोन थर, मधे थरथर जिरवणारं डॅम्पिंग कंपाउंड आणि वरच्या पोकळीत रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर). बोर्ड तुळईला घट्ट न धरता लवचीक लटकलेला राहावा, एवढ्याचसाठी हा खटाटोप. आणि तो वाया जातो एका लांब स्क्रूने. स्क्रू चॅनेलचा पत्रा ओलांडून थेट तुळईत शिरला की बोर्डाची थरथर त्यातून सरळ वर जाते. असे मोजके स्क्रूसुद्धा सगळं काम बिघडवायला पुरेसे होतात. म्हणून बोर्ड लावताना कारागिराजवळ उभे राहा आणि डब्यातला स्क्रू हातात घेऊन बघा. बोर्डांच्या जाडीपेक्षा तो थोडासाच लांब हवा, आणि स्क्रूची जागा तुळईच्या बरोबर खाली येता कामा नये. बोर्ड भिंतीला टेकवूही नका. ५-६ मिलिमीटर फट ठेवून ती कायम लवचीक राहणाऱ्या सीलंटने भरा. पुट्टी भरली तर ती तडकते.

जुनं फॉल्स सीलिंग तसंच ठेवून खाली दुसरं लटकवू नका. मधे हवेच्या दोन पोकळ्या तयार होतात आणि बास पूर्वीपेक्षा जास्त निसटू शकतो. जुनं काढा, नाहीतर नवे बोर्ड त्यालाच चिकटवून लावा.

आता फटी. भिंतीचा १ टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी आवाजाचा एकूण रोध सुमारे २० डेसिबलच्या पुढे जात नाही, मग भिंत कितीही जाड असो. ८० सेंटिमीटर रुंद दाराखाली १ सेंटिमीटर फट म्हणजे ८० चौरस सेंटिमीटरचं भोक! पोकळ दार बदलून भरीव बसवा, चौकटीला तिन्ही बाजूंनी गॅस्केट (फट बुजवणारी रबरी पट्टी) आणि खाली दार मिटताच आपोआप उतरणारी पट्टी लावा. रात्री खोलीत अंधार करून बाहेरून कोणाला तरी टॉर्च मारायला सांगा. जिथून उजेड येतो तिथून आवाजही जातोच. छतात गोल भोकं पाडून बसवलेले दिवे आणि भिंतीत पाठीला पाठ लावलेले स्विचचे डबे हीही तशीच भगदाडं.

खोली हवाबंद केली की जीव गुदमरतो. बसलेल्या प्रत्येक माणसाची उष्णता सुमारे १०० वॅट, वर प्रोजेक्टर आणि अँप्लिफायर. ताजी हवा हवीच, पण आतून अस्तर लावलेल्या, वळणं घेतलेल्या डक्टमधून. वरच्या खोलीशी सामायिक डक्ट ठेवलात तर ती बोलायची नळीच होते.

मापं ठरवताना ५ बाय ५ मीटर आणि २.५ मीटर उंची असा हिशेब टाळा. लांबी-रुंदी दोन्हींचा अनुनाद (ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो) ३४ हर्ट्झला येतो आणि ६८ च्या आसपास उंचीचाही भर पडतो, म्हणजे काही सूर गडगडतात, काही गायब होतात. सोफा बरोबर मध्यावर किंवा मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका.

काम झाल्यावरही आवाज वर येत असेल तर आधी नीट ऐका. शब्द कळतात? कुठेतरी फट आहे. कान भिंतीच्या कडेकडेने फिरवत ती शोधा. शब्द नाहीत, नुसती धमक येते? मग वजन कमी पडतंय किंवा एखादा स्क्रू तुळईला भिडलाय. अशा वेळी सबवूफरखाली रबरी पॅड घालून फारसं साधत नाही, कारण बराचसा बास हवेतून छताला भिडतो. फक्त एखाद्या सुरावर खरखर होते? दिव्याची कडा किंवा डक्टची जाळी सैल आहे, हाताने दाबून बघा.