ट्रॅकच्या गाडीसाठी स्प्रिंग आणि शॉक कसे निवडावेत

ट्रॅकवर पळवायची गाडी तयार करताना बहुतेक जण आधी शॉक विकत घेतात आणि त्या खोक्यात जी स्प्रिंग येईल ती बसवून मोकळे होतात. क्रम याच्या उलट हवा. आधी वजन मोजायचे, वजनावरून स्प्रिंगचा रेट (ती १ मिमी दाबायला लागणारे बळ) काढायचा, रेटवरून शॉकचा स्ट्रोक (रॉडची एकूण चाल) ठरवायचा, आणि शॉकचा जोर (हालचालीला होणारा विरोध) किती हवा हा प्रश्न अगदी शेवटी. कारण साधे आहे. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉक फक्त हालचालीचा वेग आवरतो. ब्रेक दाबल्यावर नाक किती खाली जाणार ते स्प्रिंग ठरवते, किती झटकन जाणार ते शॉक. मऊ स्प्रिंगवर कडक शॉक लावला म्हणून लांब वळणात गाडी कमी झुकत नाही. तेवढीच झुकते, फक्त उशिरा.

खालचे आकडे एका कल्पित गाडीचे आहेत: इंजिनचा जोर पुढच्या चाकांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात), मागे स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे, चालकासह वजन ११०० किलो, त्यातले ६० टक्के पुढे. आपल्या गाडीचे आकडे त्या जागी घाला.

१. चारही चाकांवरचे वजन काढा

कंपनीच्या माहितीपत्रकातले वजन इथे चालत नाही. सीट, ट्रिम, स्टेपनी काढलेली, रोलकेज बसवलेली गाडी वेगळीच असते. चार काटे एका पातळीत ठेवा, टाकी अर्धी भरा, चालकाला हेल्मेटसह सीटवर बसवा आणि मोजा. आपल्या उदाहरणात पुढच्या प्रत्येक चाकावर ३३० आणि मागच्या प्रत्येक चाकावर २२० किलो येतात.

यातून स्प्रिंगच्या खालचे वजन वजा करायचे: चाक, टायर, डिस्क, कॅलिपर, हब, आणि आर्म व स्ट्रट यांचे साधारण निम्मे. पुढे ३५ आणि मागे ३० किलो धरू. उरले २९५ आणि १९०. हा अंदाज पाच किलोने चुकला तरी उत्तर दोन-तीन टक्क्यांनीच हलते, त्यासाठी रात्र घालवू नका.

२. मोशन रेशो मोजा

चाक १० मिमी वर गेले की स्प्रिंग नेमकी १० मिमी दबत नाही. स्प्रिंग किती दबली भागिले चाक किती उचलले, हा मोशन रेशो. मोजण्यासाठी स्प्रिंग काढा, अँटी-रोल बारची (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणे कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक सोडवा, हबखाली जॅक लावून चाक १० मिमीच्या टप्प्यांनी उचला आणि दर टप्प्याला स्प्रिंगच्या वरच्या व खालच्या बैठकीतले अंतर लिहा. गाडी ज्या उंचीवर उभी राहणार आहे, तिच्या वर-खाली ३० मिमीपर्यंतचे आकडे कामाचे. स्ट्रटमध्ये हा रेशो ०.९५ च्या आसपास येतो. मागे स्प्रिंग आर्मच्या मधोमध बसली असेल तर तो ०.७५ किंवा त्याहून खाली जातो.

चाकाला जाणवणारा रेट काढताना हा रेशो दोनदा गुणला जातो, एकदा अंतरासाठी आणि एकदा बळासाठी:

चाकावरचा रेट = स्प्रिंग रेट × मोशन रेशो × मोशन रेशो

अर्धे गोंधळ इथेच होतात. काही जण हाच रेशो उलटा लिहितात, म्हणजे ०.७५ ऐवजी १.३३. कुणाचा आकडा उसना घेतलात तर तो एकाच्या वर आहे की खाली, ते आधी पाहा.

३. फ्रिक्वेन्सी ठरवा, मग रेट काढा

नुसता ‘आठ किलोची स्प्रिंग’ (म्हणजे ८ किलो/मिमी) या आकड्याला वजन आणि मोशन रेशोशिवाय अर्थ नाही. एका गाडीत ती दगड वाटेल, दुसरीत गादी. दोन गाड्यांची तुलना करायची तर फ्रिक्वेन्सीत करावी, म्हणजे स्प्रिंगवरची बॉडी मोकळी सोडली तर सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल. रस्त्यावरच्या साध्या गाड्या १ ते १.५ हर्ट्झमध्ये असतात. रस्त्याच्या चांगल्या टायरवर ट्रॅकला जाणाऱ्या गाडीला १.६ ते २ पुरे. सेमी-स्लिकवर (रस्त्यावर चालणारे, पण कमी खाचांचे ट्रॅक टायर) १.८ ते २.३. स्लिक (बिनखाचांचे रेसिंग टायर) आणि गुळगुळीत ट्रॅक असेल तर २.५ पर्यंत जाता येते. त्याच्या वरचे आकडे मोठे विंग आणि स्प्लिटर लावलेल्या गाड्यांचे. तिथे हवेचा दाब गाडीला खाली रेटतो, म्हणून स्प्रिंग कडक लागते. विंग नसताना ते आकडे उचलले तर खडबडीत भागात टायर जमिनीला चिकटून राहत नाही.

सेमी-स्लिक धरून पुढे २ हर्ट्झ घेऊ.

चाकावरचा रेट = ३९.५ (म्हणजे ४π²) × फ्रिक्वेन्सीचा वर्ग × किलो
= ३९.५ × ४ × २९५ = साधारण ४६,६०० न्यूटन प्रति मीटर, म्हणजे ४६.६ न्यूटन/मिमी

भागिले ०.९५ चा वर्ग, म्हणजे ०.९०. स्प्रिंग आली ५१.६ न्यूटन/मिमी. बाजारात ५० मिळते; ती घेतली तर फ्रिक्वेन्सी १.९७ होते, फरक कळतही नाही.

मागे २.२ हर्ट्झ घेऊ. चाकावर ३६.३ न्यूटन/मिमी, पण मोशन रेशो ०.७५ असल्याने स्प्रिंग लागते ६४.५ ची, म्हणजे ६५. मागचे वजन इतके कमी असून स्प्रिंग मात्र पुढच्यापेक्षा कडक! केवळ आकड्यांकडे पाहून ‘मागे जास्त कडक झाली’ म्हणत ती बदलणारे बरेच भेटतात.

एककांची पडताळणी करून घ्या: १ किलो/मिमी म्हणजे ९.८ न्यूटन/मिमी, आणि तेच ५६ पौंड/इंच.

मागची फ्रिक्वेन्सी जास्त का? पुढे किंवा मागे, ज्या टोकाला रोल-स्टिफनेस (झुकण्याला होणारा विरोध) वाढतो, त्या टोकाची वळणातली पकड थोडी कमी होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा कल मुळातच अंडरस्टिअरकडे (पुढची चाके आधी घसरून गाडी कमी वळण्याकडे) असतो, म्हणून मागचे टोक थोडे कडक केलेले बरे. मागच्या चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत हाच हिशेब लावला तर वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसते फिरत राहते. तिथे पुढची फ्रिक्वेन्सी मागच्याइतकी किंवा किंचित जास्त ठेवतात. अँटी-रोल बारला या टप्प्यावर हात लावू नका. तो शेवटी, तोल बारीक जुळवायला.

४. स्ट्रोकचा हिशेब करा

हा टप्पा सर्रास वगळला जातो, आणि ‘गाडी वळणात अचानक सुटते’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच सापडते.

समजा पुढच्या स्ट्रटचा स्ट्रोक १२० मिमी आहे. गाडी जमिनीवर ठेवली की आपली स्प्रिंग गाडीच्या वजनाने साधारण ६० मिमी दबते. वर जायला उरले ६०. त्यात बंप स्टॉपची (चाल संपताना धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याची) लांबी ४० मिमी, म्हणजे मोकळी चाल फक्त २० मिमी. आता ब्रेक दाबा. गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर, व्हीलबेस अडीच मीटर आणि मंदन १ जी धरले, तर पुढच्या प्रत्येक चाकावर सुमारे १०८० न्यूटन वाढतात. भागिले ४६.६, म्हणजे चाक २३ मिमी वर आणि शॉक २२ मिमी आत. वळण अजून सुरूही झाले नाही आणि गाडी बंप स्टॉपवर बसली. त्या क्षणी पुढचा रेट एकदम चढतो आणि टायर घसरतो. मग चालक शॉकचे क्लिक (जोर कमी-जास्त करणाऱ्या नॉबचे टप्पे) फिरवत बसतो, ज्याचा इथे काही संबंध नाही.

उपाय असा. या गाडीला खाली ६० मिमी चालीची गरज नाही. ज्या कॉइलओव्हरची (शॉकभोवतीच स्प्रिंग असलेल्या जोडाची) बॉडी खालच्या ब्रॅकेटमध्ये वेगळी फिरवून लांबी बदलता येते, त्यात स्प्रिंगला १५ मिमी प्रीलोड द्या (म्हणजे भार येण्याआधीच तेवढी दाबून ठेवा) आणि बॉडी तेवढीच आखूड करा. गाडीची उंची तीच राहते, पण खालची चाल ४५ आणि वरची ७५ होते. बंप स्टॉप वजा जाता ३५ मिमी मोकळे. बॉडी आखूड केल्यावर चाक पूर्ण वर उचलून टायर फेंडरला किंवा आतल्या पत्र्याला घासत नाही ना, ते स्प्रिंग न लावता एकदा तपासा.

प्रीलोडने सरळ रेटची स्प्रिंग कडक होते हा समज सोडून द्या. रेट तोच राहतो. बदलते ती उंची आणि चालीची वाटणी.

५. स्प्रिंगची मापे

रेटइतकीच लांबी आणि आतला व्यास महत्त्वाचा. ६०, ६३.५ आणि ६५ मिमी या तीन मापांच्या स्प्रिंगा दिसायला सारख्या असतात. ६५ ची स्प्रिंग ६० च्या बैठकीवर बसते खरी, पण सरकते, शॉकच्या बॉडीला घासते आणि दर वळणात टणटण वाजते.

लांबी निवडताना स्प्रिंग पूर्ण बंद व्हायच्या आधी किती दबू शकते, हा उत्पादकाचा आकडा पाहा. आपल्या उदाहरणात प्रीलोड १५ आणि स्ट्रोक १२० मिळून १३५, त्यातून चेपलेल्या बंप स्टॉपचे १५ गेले. म्हणजे १२० मिमी तरी हवेत. कमी असतील तर वेटोळी एकमेकांवर आपटतात आणि सगळा धक्का वरच्या माउंटला बसतो. याउलट फार कडक स्प्रिंग वजनाने इतकी कमी दबते की चाक लटकल्यावर ती बैठक सोडते. तिथे खाली पातळ हेल्पर स्प्रिंग (फक्त मोकळी जागा भरणारी मऊ स्प्रिंग) घाला.

आणि मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली आणू नका. रेट थोडा वाढतो, चाल मात्र त्याहून जास्त कमी होते. मॅकफर्सन गाडी फार खाली आणली की खालचा आर्म चाकाकडे चढता होतो, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातो आणि गाडी अधिक झुकू पाहते.

६. कुठला शॉक

ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा शॉक) स्वस्त असतो आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्याला चालतो, पण लागोपाठच्या लॅपमध्ये तेल तापून फेसाळते आणि जोर ओसरतो. मोनोट्यूबमध्ये (एकाच नळीचा शॉक) गॅस तरंगत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो, आणि तेलाची नळी थेट हवेत असल्याने उष्णताही लवकर जाते. स्ट्रट असेल तर उलटा मोनोट्यूब पाहा: स्ट्रटवर आडवा भार येतो, आणि उलट्या रचनेत तो बारीक रॉडऐवजी जाड बॉडी घेते.

ॲडजस्टमेंट किती? एकाच नॉबचा शॉक बहुधा मुख्यत्वे रिबाउंड (शॉक परत लांब होतानाचा जोर) बदलतो आणि पहिल्या गाडीला तेवढे पुरते. दोन नॉब असतील तर कम्प्रेशन (शॉक दबतानाचा जोर) वेगळे मिळते. चार नॉबचा शॉक डेटा-लॉगर आणि धीर असणाऱ्यांसाठी आहे. बाकीच्यांना तो चार पद्धतींनी चुकायची सोय करून देतो.

७. जोर किती हवा

क्रिटिकल डॅम्पिंग, म्हणजे बॉडी न हेलकावता जागेवर येईल इतका कमीत कमी जोर = २ × वर्गमूळ (चाकावरचा रेट × किलो). पुढे ४६,६०० × २९५ चे वर्गमूळ ३७०८, दुप्पट ७४१५. बॉडीच्या सावकाश हालचालीसाठी, म्हणजे ब्रेक आणि वळण, याच्या ६५ टक्के धरा: ४८२०. शॉकवर नेण्यासाठी पुन्हा ०.९० ने भागा, ५३४० आले. शॉकचा वेग ५० मिमी प्रति सेकंद असताना याचा अर्थ सरासरी २६७ न्यूटन. रिबाउंड आणि कम्प्रेशन ३:२ वाटले तर रिबाउंड ३२० आणि कम्प्रेशन २१४.

मागे स्प्रिंग आणि शॉक वेगळ्या जागी असतील तर शॉकचा मोशन रेशो स्वतंत्र मोजा. स्प्रिंगचा ०.७५ इथे वापरला तर हवा त्यापेक्षा दीडपट जोराचा शॉक घरी येईल.

वेग १०० मिमी प्रति सेकंदाच्या वर गेला, म्हणजे कर्ब (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे) आणि खड्डे आले, की जोर आणि वेगाच्या आलेखातला वक्र आडवा व्हायला हवा. ६५ टक्क्यांवरून ३०-४० पर्यंत उतरला तर ठीक. म्हणून विक्रेत्याकडे डायनोचा (शॉकचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागा, आणि तोही त्याच जोडीचा. डाव्या-उजव्या शॉकचे वक्र एकाच क्लिकवर एकमेकांवर बसतात का आणि कमी वेगाचा भाग नीट दिसतो का, एवढे त्यात बघा. आलेख द्यायला टाळाटाळ होत असेल तर दुसरा विक्रेता बघावा.

८. बसवताना

रॉडचा नट इम्पॅक्ट गनने आवळू नका; रॉड गरगर फिरतो आणि सील खराब होते. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट करा, नाहीतर बुश कायम पिळलेले राहतात, उंची चुकते आणि रबर लवकर फाटते. नंतर बारच्या लिंक सोडवून, चालक बसवून पुन्हा काट्यांवर घ्या आणि तिरकस जोडीचे वजन, म्हणजे डावे पुढचे अधिक उजवे मागचे, एकूणाच्या ५० टक्क्यांवर आणा. मग व्हील अलाइनमेंट, या क्रमानेच.

९. ट्रॅकवर

क्लिक पूर्ण बंद स्थितीपासून मोजा आणि मधोमध ठेवून सुरुवात करा. रॉडवर प्लॅस्टिकची टाय ढकलल्यावरच सरकेल इतपत घट्ट बांधून शॉकच्या बॉडीला टेकवा. प्रत्येक फेरीनंतर ती कुठवर ढकलली गेली ते मिमीत लिहा. ती बंप स्टॉपपर्यंत जाऊन त्यात चेपली गेली असेल तर क्लिकला हात न लावता चौथ्या टप्प्याकडे परत जा.

टाय ठीक असेल तर मग शॉक. धक्क्यानंतर गाडी दोन-तीनदा हेलकावत असेल तर रिबाउंड कमी आहे. लागोपाठच्या उंचवट्यांवर गाडी खाली खाली बसत जात असेल तर रिबाउंड जास्त आहे: चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. कर्बवर गाडी टणकन उडून बाजूला सरकली तर कम्प्रेशन कमी करा. एका वेळी एकच नॉब, दोन-तीन क्लिक, आणि टायरचे प्रेशर गरम असताना दर वेळी सारखे. प्रेशर हलले की शॉकबद्दल काढलेला निष्कर्ष रद्द समजा.

पहिल्या सत्रानंतर वरच्या माउंटचे आणि खालच्या ब्रॅकेटचे नट टॉर्क रेंचने पुन्हा बघा, आणि रॉडवर तेलाचा ओघळ आहे का ते बोटाने पाहा. पातळ ओलसरपणा चालतो, थेंब नाही.