बूटलोडरमधल्या हेडर फाइल्स: प्रोसेसरचं कुठे, चिपचं कुठे

यू-बूट या बूटलोडरमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू करून ऑपरेटिंग सिस्टम लोड करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नवीन चिपचा सपोर्ट घालायचा म्हटलं की सगळीकडे एकच सल्ला मिळतो, जवळच्या चिपचं फोल्डर कॉपी करा आणि नाव बदला. बोर्ड चालतो त्याने, खोटं नाही, पण पुढे तिसरी चिप आली की कुठला ॲड्रेस कुठल्या फाइलमधून येतोय हे कोणालाच सांगता येत नाही. मी ही कामं बरीच वर्षं करतोय आणि तो सल्ला आता ऐकवत नाही. सोर्स, क्रॉस कंपायलर आणि चिपचं मॅन्युअल तुमच्याकडे आहे असं धरून सांगतो.

आधी वाटणी. हेडर फाइल म्हणजे ॲड्रेस आणि व्याख्या ठेवलेली, सी कोडमध्ये ओढली जाणारी फाइल. तिच्यातल्या प्रत्येक मॅक्रोला (नाव दिलेल्या आकड्याला किंवा तुकड्याला) विचारा, दुसऱ्या कंपनीच्या चिपमध्ये हाच प्रोसेसर कोअर असेल तर ही ओळ खरी राहील का? राहत असेल तर ती प्रोसेसरची. आर्मचा कॉर्टेक्स-ए५३ हा कोअर कोणाच्याही चिपमध्ये असो, त्याची कॅश लाइन (कॅशमध्ये एका वेळी येणारा मेमरीचा तुकडा) ६४ बाइटचीच असते. यूएआरटीचा (सिरियल पोर्टचा) बेस ॲड्रेस, क्लॉक, पिनमक्स (कुठली पिन कुठल्या कामाला), आतली एसरॅम मेमरी कुठून कुठपर्यंत, हे सगळं चिपचं. आणि तीच चिप दुसऱ्या बोर्डवर बसवली की जे बदलतं, म्हणजे डीडीआर मेमरीचं टायमिंग किंवा एलईडी कुठल्या पिनवर आहे, ते बोर्डचं, त्याला या हेडर्समध्ये जागाच देऊ नका. हमखास गोंधळ होतो तो टायमरमध्ये: आर्मचा जेनेरिक टायमर आणि त्याचे रजिस्टर कोअरचे, पण तो किती हर्ट्झवर चालतो ते कोअर ठरवत नाही, म्हणून तो आकडा प्रोसेसरच्या फाइलमध्ये टाकला की पुढची चिप चुकीचं सेकंद मोजते.

मग जागा. आर्ममध्ये प्रोसेसरचे हेडर 'आर्क/आर्म/इन्क्लूड/एएसएम' मध्ये, चिपचे त्याच्याच आत 'आर्क-' आणि चिपचं नाव अशा फोल्डरमध्ये, किंवा 'मॅक-' वाल्या फोल्डरच्या स्वतःच्या 'इन्क्लूड/मॅक' मध्ये. बिल्डच्या वेळी 'एएसएम/आर्क' नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारं नाव) बनते आणि ती या दोनपैकी एकाकडे जाते, दोन्ही असले तर 'मॅक' वालं जिंकतं, म्हणून दोन्हीकडे फाइल्स ठेवू नका. इन्क्लूड करताना कायम सिमलिंकचाच रस्ता लिहा. २०१० च्या आधीच्या नोट्समध्ये 'इन्क्लूड/एएसएम-आर्म' दिसेल, ती मांडणी आता नाही.

आता खरी अवघड जागा, एकाच घराण्यातल्या चिप्स. ऐंशी टक्के सारख्या, बाकीच्यात ॲड्रेस सरकलेले. इथे फोल्डर कॉपी करू नका आणि एकाच फाइलमध्ये दर चार ओळींनी इफडेफही (हे नाव असेल तरच पुढच्या ओळी घे, अशी अट) पेरू नका. टीआयच्या चिप्सचं 'आर्क-एएम३३एक्सएक्स' फोल्डर उघडून बघा: हार्डवेअर नावाचं एक छोटं हेडर आहे, ते कॉन्फिग (बिल्डसाठी निवडलेले पर्याय) बघून एएम३३एक्सएक्स किंवा एएम४३एक्सएक्स यांच्यापैकी एकाची फाइल आत ओढतं. निवड एका जागी आणि ॲड्रेस आपापल्या फाइलमध्ये, हीच पद्धत धरा.

पण त्या निवडीत शेवटच्या एल्समध्ये कुठल्याही चिपची फाइल ठेवू नका, तिथे एररच हवा. माझ्याकडे एल्समध्ये जुनी चिप होती आणि नव्या चिपच्या कॉन्फिग नावात माझ्याकडून एक अंडरस्कोर राहिला होता. प्रीप्रोसेसरला (कंपाइल करण्याआधी इन्क्लूड आणि इफडेफ सोडवणाऱ्या पायरीला) अनोळखी नाव म्हणजे सरळ 'नाही', तो तक्रार करत नाही. बिल्ड स्वच्छ, एकही वॉर्निंग नाही, आणि सिरियल कन्सोलवर एक अक्षर नाही. दोन दिवस मी केबल, बॉड रेट, पिनमक्स तपासत बसलो आणि एसपीएल (यू-बूटचा आधी चालणारा छोटा भाग) मात्र जुन्या चिपच्या यूएआरटी ॲड्रेसवर लिहीत होतं. शेवटी त्या सी फाइलचं प्रीप्रोसेस केलेलं आउटपुट काढलं तेव्हा पहिल्याच स्क्रीनवर चुकीच्या हेडरचं नाव दिसलं. तेव्हापासून संशय आला की आधी हेच करतो, नाहीतर ऑब्जेक्ट फाइलशेजारी बनणारी लपलेली सीएमडी फाइल उघडतो, कुठले हेडर खरंच ओढले गेले त्याची यादी तिच्यात असते.

दुसरा तसाच मुका घोळ म्हणजे हेडर गार्ड, तेच हेडर दोनदा ओढलं जाऊ नये म्हणून त्याच्याभोवती घातलेली नावाची अट. फाइल कॉपी केली आणि गार्डचं नाव तेच राहिलं तर दोन्ही हेडर एकत्र आले की दुसरं रिकामं होतं. गार्डच्या नावात चिपचं नाव घालाच.

रजिस्टरचा स्ट्रक्ट (ओळीने असलेल्या रजिस्टरांचा सी मधला नकाशा) चिपच्या फोल्डरमध्ये नको, तो त्या ब्लॉकच्या, म्हणजे यूएआरटीसारख्या चिपमधल्या भागाच्या, ड्रायव्हरजवळ ठेवा, कारण तोच ब्लॉक चार चिप्समध्ये सापडतो. मधली रिकामी जागा भरताना बाइट आणि वर्ड वेगळे मोजा: एक रजिस्टर हेक्स ०४ ला, पुढचं हेक्स २० ला, तर मध्ये २४ बाइट म्हणजे ३२ बिटचे ६ वर्ड, २४ नाही. प्रत्येक ब्लॉकला ऑफसेटचा एक स्टॅटिक असर्ट, म्हणजे ऑफसेट चुकला तर बिल्डच थांबवणारी तपासणी, टाका.

जे हेडर स्टार्टअपच्या असेंब्ली फाइल्सपण वापरतात त्यातले स्ट्रक्ट आणि टाइपडेफ असेंब्लीच्या गार्डमागे, म्हणजे असेंब्ली फाइलमध्ये ते वगळणाऱ्या अटीमागे, ठेवा.

शेवटी बिल्डमॅन (यू-बूटसोबत येणारं, अनेक बोर्ड एकदम बिल्ड करणारं टूल) चालवा, आणि फक्त आपला बोर्ड नाही, त्या घराण्यातले सगळे. हेडर नुसते हलवले असतील तर कोडचा आकार बदलायला नको. एखाद्या बोर्डचा बदलला तर पॅच पाठवू नका, आधी त्या बोर्डला कुठलं हेडर वेगळं मिळालं ते शोधा.