फॅक्सवर मार्कर, गल्ल्यावर निळा दिवा: या चुका टाळा

बेलापूर, वाशी, वागळे इस्टेट, जिथे अजून फॅक्स मशीन चालू आहे तिथे एक चूक हमखास दिसते. बँक स्टेटमेंटवरचा खाते क्रमांक मार्करने काळा करायचा आणि तोच कागद मशीनमध्ये घालायचा. लेझर प्रिंटचा टोनर, म्हणजे छपाईची काळी पूड, कागदावर थर धरून बसतो. मार्करची शाई त्याच्या आजूबाजूला मुरते, टोनरवर नीट टिकत नाही. समोरून पट्टी काळीकुट्ट दिसते, पण ट्यूबलाइटखाली कागद तिरका केला की आकडे चकाकून वर येतात.

फॅक्स साध्या सेटिंगवर प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा एवढाच पाठवतो. त्यामुळे मार्कर गडद असेल तर बहुतेक वेळा पट्टी काळीच पोचते आणि ऑफिसातली मंडळी निर्धास्त होतात. मग कधीतरी मार्कर सुकत आलेला असतो किंवा हाताशी निळाच असतो, नाहीतर आधीच्या माणसाने फोटो मोड (फिक्या-गडद छटाही दाखवणारं सेटिंग) तसाच ठेवलेला असतो. फिक्या पट्टीतून अख्खा खाते क्रमांक पलीकडच्या ट्रेमध्ये जाऊन पडतो. गेलेला फॅक्स परत घेता येत नाही. मार्करने दोन मिनिटं वाचतात हे खरं, पण खातं दुसऱ्याचं असताना ती वाचवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

खात्रीची पद्धत अशी. मूळ कागदाला हात लावायचा नाही. त्याची झेरॉक्स काढायची, झाकायच्या जागेवर पांढऱ्या कागदाची दुहेरी घडी चिकटवायची (एकेरी पट्टीतून अक्षरं फिकट उमटतात) आणि त्याची पुन्हा झेरॉक्स काढायची. ही दुसरी प्रत उजेडाला धरून बघायची आणि तीच फॅक्स करायची. सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या ठेवा. रकमेच्या मापाने पट्टी कापली की रक्कम हजारात आहे की लाखात, ते पट्टीच सांगते.

याहून मोठी चूक बॅलन्सच्या रकान्याची. एका पार्टीला दिलेली रक्कम लपवायची म्हणून तेवढाच आकडा झाकतात, शेजारचा बॅलन्स उघडा राहतो. वरच्या ओळीतला बॅलन्स ४,८२,०००, खालच्या ओळीतला ४,१७,०००. झाकलेली रक्कम ६५,००० आहे हे कॅल्क्युलेटर न लावताही कळतं. रक्कम झाकली तर त्या ओळीचा बॅलन्स झाकायचाच, आणि पुढच्या ओळींचेही, कारण खालून वर वजाबाकी करता येते. सगळे व्यवहार एकाच पार्टीचे असतील तर स्टेटमेंट पाठवूच नका, बँकेकडून हवं तेवढंच पत्र घ्या.

पहिल्या पानावर खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि दुसऱ्या पानावर पहिले चार झाकू नका, दोन्ही पानं जोडली की पूर्ण क्रमांक मिळतो. संगणकावर पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तरी खालची अक्षरं तिथेच असतात, कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करता येतात. बऱ्याच मशीन पाठवल्याच्या रिपोर्टवर पहिल्या पानाची छोटी प्रतिमा छापतात, तो रिपोर्ट रद्दीत जाऊ देऊ नका. शाईच्या फिल्मचा रोल वापरणाऱ्या जुन्या मशीनमध्ये आलेल्या प्रत्येक पानाची अक्षरं वापरलेल्या फिल्मवर उलटी उमटून राहतात. असा रोल फेकण्याआधी कापून बारीक करा.

फॅक्सचा कागद तिरका धरण्याची ही सवय नोटेलाही लावा, कारण गल्ल्यावर नेमकं उलटं चालतं. तुर्भ्याच्या बाजारात नोट उजेडाला न धरता निळ्या यूव्ही (अतिनील) दिव्याखाली सरकवतात आणि कागद चमकला की 'नकली' म्हणून परत करतात. नोटेचा कापसाचा कागद त्या दिव्याखाली चमकत नाही हे बरोबर, साधा कागद चमकतो. पण खिशात राहून कपड्यांबरोबर धुतली गेलेली खरी नोटसुद्धा चमकते, कारण डिटर्जंटमधली पांढरेपणा आणणारी रसायनं तिच्यावर बसतात. अशाने हमालाच्या मजुरीची खरी नोट गल्लेवाला नाकारतो आणि चांगल्या कागदावर छापलेली नकली नोट सहज आत घेतो. एकट्या दिव्यावर निकाल देणं हा आळस आहे.

पाचशेची नोट आधी बोटाने तपासा. डाव्या-उजव्या कडेला पाच तिरक्या उठावदार रेषा लागतात, गांधीजींचं चित्रही उठावदार असतं. मग नोट हलवा. 'भारत' आणि 'RBI' लिहिलेली तार हिरवीची निळी होते, खाली उजवीकडचे ₹५०० सुद्धा तसाच रंग बदलतात. शेवटी उजेडाला धरा: कोऱ्या भागात गांधीजी आणि ५०० चा वॉटरमार्क दिसला पाहिजे. तीनही गोष्टी बघा, घाईची गिऱ्हाइकं थांबतील.

शंभरच्या जांभळट नोटेत रंग बदलणारा आकडा शोधू नका, तिथे फक्त तार रंग बदलते. दोनशेच्या नोटेत दोन्ही आहेत. नव्या मालिकेतल्या या तिन्ही नोटांची रुंदी ६६ मिमी, लांबी मात्र पाचशेची १५०, दोनशेची १४६ आणि शंभरची १४२ मिमी, म्हणजे गड्डीत मिसळलेली चुकीची नोट कडेवरूनच कळते. नंबरात चांदणी आहे म्हणून नोट नकली ठरत नाही, छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी अशी नोट येते. हिरवी तार गव्हर्नरच्या सहीजवळ नसून गांधीजींजवळ असेल तर नोट नकली, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज खोटा आहे.

संशयी नोट दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या सुट्ट्यांत खपवू नका. जाणूनबुजून नकली नोट चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ खाली गुन्हा आहे. ती बँकेत द्या. बँक शिक्का मारून नोट जप्त करते, पैसे मिळत नाहीत, पण पावती मिळते, ती मागून घ्या. एका व्यवहारात चारपर्यंत नकली नोटा निघाल्या तर बँक महिनाअखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल पाठवते, पाच किंवा जास्त निघाल्या तर थेट गुन्हा नोंदवला जातो. म्हणून भरणा करण्यापूर्वी गड्डी स्वतः तपासा आणि कोणती नोट कुणाकडून आली ते रोजच्या वहीत लिहा.