लेनवर तेल किती ते पाहा, मंग बॉल उचला

आमच्या गावचे पोट्टे नागपूरले बॉलिंग खेळाले गेले की जो बॉल चमकते तोच उचलतात अन् मंग तो लेनच्या, म्हंजे बॉल सोडाच्या पट्टीच्या, बाजूच्या गटरात गेला की लेनले शिव्या देतात. भाऊ, लेन 60 फुटाची, तिच्या पहिल्या 40 एक फुटावर तेल असते, पावसात धुऱ्यावर चप्पल सटकते तसा बॉल तिथं सटकते, पुढं कोरडं लागलं की पकडते अन् वळते.

तेल लय असन तर रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा, म्हंजे लय पकड धरणारा, वरून खरबरीत केलेला बॉल घ्या. कमी असन तर तोच बॉल लवकर वळून भलतीकडंच जाते, तिथं युरेथेनचा, म्हंजे त्याहून कमी वळणारा, बरा. पाडाच्या पिनांपैकी एकच पिन उरली तर प्लास्टिकचा, सरळ जाते, अन् तिथं ठेवलेले बॉल बहुतेक प्लास्टिकचेच असतात म्हणा.

बॉल परत आला की त्यावर तेलाची गोल रेघ दिसन, दुपट्ट्यानं पुसा, नाहीतर पकड जाते. खेळता खेळता लेनवरचं तेलही उडते, मंग हूक, म्हंजे बॉलचं वळण, वाढला की उजव्या हातवाल्यानं उभं राहाची जागा लेनच्या दोन फळ्यांएवढी डावीकडं सरकवाची.

वजन 16 पौंडापर्यंत चालते, पण मी जोशात 14 चा घेतला अन् तिसऱ्याच फ्रेमले (डावातल्या पाळीले) मनगट धरून बसलो, आता 12 चाच.