एअर रायफल भरताना नळीवरचा हात सोडू नका

नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअर रायफलीत छर्रा सुटतानाइतकीच काळजी तो बसवतानाही घ्यायची असते. नळी खाली ओढून स्प्रिंग ताणली की एका हाताने ती घट्ट धरूनच ठेवा आणि दुसऱ्या हाताने छर्रा बसवा. मधेच ताणलेली स्प्रिंग अडवणारा खटका निसटला तर नळी सपकन वर येते. माझ्या अंगठ्यावरची खूण त्याचीच आहे.

रिकाम्या नळीने चाप ओढून पाहायची खोडही सोडा. छर्रा नसला की पुढे हवेची उशी तयार होत नाही, पिस्टन थेट आदळतो आणि सील खराब होतं. नेम भरकटत असेल तर दुर्बिणीला दोष देण्याआधी पकड बघा: गच्चीच्या कठड्यावर टेकवलेली स्प्रिंगची रायफल उसळते. उघड्या तळहातावर सैल ठेवा, छर्रे जवळजवळ पडू लागतील.

नाशिकच्या पावसाळ्यात बाहेरून तेलाचं बोट पुरे. आत तेल ओतलं तर ते दाबाने पेटून भडका होतो.

नवी घेताना ४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतली घ्या, तिला परवाना लागत नाही. पण परवाना नको म्हणजे पाखरं मारायला मोकळीक नव्हे. शिकारीला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, मग ते नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य असो की आपल्या मळ्यातला बांध. कागदाचं लक्ष्य, मागे मातीचा ढिगारा, बस्स.