सोलापुरात रॉक बँडचा शो : डीजेची सिस्टीम आणि दहाचा ठोका

सोलापुरात रॉक बँडला वाजवायला मिळतं ते बहुधा हॉटेलच्या हॉलमध्ये, कॅफेत, नाहीतर गच्चीवरच्या रेस्टॉरंटात. तिथली सिस्टीम डीजे किंवा ऑर्केस्ट्राच्या हिशेबाने लावलेली असते. दोन टॉप (वरचे स्पीकर), दोन बास (खालच्या जाड आवाजाचे स्पीकर), आठ चॅनेलचा मिक्सर, म्हणजे माइक-वाद्यं मिळून आठच जोडता येतात. त्यात पाच जणांचा बँड बसवायचा आहे.

जागा ठरताच वेळ उलटी मोजा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त हॉलला सूट आहे, उघड्या गच्चीला नाही. म्हणजे ९.५० ला शेवटचं गाणं संपलं पाहिजे, ४० मिनिटांचा सेट ९.१० ला सुरू झाला पाहिजे आणि साउंड चेक ग्राहक यायच्या आत, सहाला. मानधन, जेवण, साउंडचे पैसे कोण देणार हे मालकाकडून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल, तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना कोण काढणार तेही.

चॅनेलची वाटणी अशी: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) १, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) १, बेस गिटार १, गिटार २, गायक २, एक राखीव. पन्नास-साठ माणसांच्या खोलीत स्नेअरचा माइकही काढून टाका, ड्रम तसाच पुरतो. बेस डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) थेट मिक्सरला. गिटारला २० वॅटचा अॅम्प पुष्कळ झाला. तो खुर्चीवर, वाजवणाऱ्याच्या कानाकडे तिरपा ठेवा. जमिनीवर ठेवला की वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांनाच ऐकू येतो, मग तो आवाज वाढवत सुटतो आणि गायक बुडतो. अॅम्पच नसेल तर पेडलमध्ये कॅब सिम्युलेशन (अॅम्पच्या स्पीकरच्या आवाजाची नक्कल) हवंच. नाहीतर डिस्टॉर्शन थेट मिक्सरला गेल्यावर डब्यात माश्या कोंडल्यासारखं वाजतं.

सगळ्यात जपायचं ते विजेला. अॅम्प, पेडल आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा. लाइटिंग वेगळ्या बोर्डावर. हम (सततची घूं-घूं) येतोय म्हणून कुणी प्लगची अर्थ पिन काढायला सांगेल. ऐकू नका. अर्थिंग धड नसेल तर एक हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला, एवढ्यात जोरदार झटका बसतो. गाण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून एक टोक तारांना, दुसरं जाळीला टेकवा. आकडा शून्याजवळ हवा. वीस-तीस व्होल्ट दिसले तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही, मालक कितीही घाई करो.

हॉलच्या गुळगुळीत फरशीवर किक ड्रम दर ठोक्याला पुढे सरकतो. खाली डबलबेडची जुनी सोलापुरी चादर अंथरा, पण ड्रमरचं स्टूलही त्याच चादरीवर आलं पाहिजे. त्याच्या वजनानेच ती जागेवर राहते. नुसत्या किकखाली घडी घातली तर घडीसकट सरकते. दुसरी चादर किकच्या आत, मागच्या कातड्याला जेमतेम टेकेल अशी. घुमणं थांबतं.

स्पीकरमधून शिट्टी (फीडबॅक) येऊ लागली की आधी मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) बघा: तो माइकच्या बरोबर पाठीमागे, गायकाकडे तोंड करून हवा. माइकची जाळी मुठीत धरून गाणारे गायक ही वेगळीच व्याधी. त्याने माइकची दिशाच बिघडते आणि शिट्टी वाढते. साउंडवाल्या दादांना चहा पाजून मॉनिटर हळूहळू वाढवायला सांगा, शिट्टी सुरू होईल ती फ्रिक्वेन्सी ३ ते ६ डेसिबल उतरवा.

मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना गिटार गाडीच्या डिकीत ठेवू नका, नेक वाकते. एसी हॉलमध्ये आणल्यावर अर्धा तास केसमध्येच राहू द्या, मग ट्यून करा. सोबत तारांचे दोन सेट, एक जादा जॅक, ड्रम की (ड्रमची कातडी आवळायची किल्ली), गॅफर टेप (जाड कापडी टेप). निघताना केबल मोजून भरा. हॉलच्या काळ्या वायरींत तुमची काळी वायर हमखास मिसळते, म्हणून दोन्ही टोकांना पिवळी टेप आधीच गुंडाळून ठेवा.