संध्याकाळची खा-खा दुपारीच आवरायची असते

रात्रीचे साडेदहा. स्वयंपाकघरात दिवा न लावता, ओट्याला टेकून मी बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला होता. शेवटच्या दोन-तीन बिस्किटांची तर चवही कळली नाही. त्याच दिवशी दुपारी काकडी, टोमॅटो आणि एक सफरचंद एवढ्यावर भागवलं म्हणून मी स्वतःवर भलतीच खूश होते. दुपारची ती खुशी आणि रात्रीचा तो पुडा यांचं नातं लक्षात यायला मला कित्येक महिने लागले.

वजन उतरवायला घेतलं की गोड, पाव, भात, बटाट्याचे तळलेले काप यांच्यावर जीव जायला लागतो. बहुतेक जण याचा दोष स्वतःच्या मनाला देतात. मला विचाराल तर मन बिचारं शेवटी येतं. आधी पोट रिकामं राहिलेलं असतं, झोप अर्धी झालेली असते, पुडा समोर उघडा पडलेला असतो. तलफ आल्यावर तिच्याशी झोंबण्यापेक्षा पाच-सहा तास आधी बंदोबस्त करणं पुष्कळ सोपं जातं. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत.

त्याआधी एक सूचना. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या (साखर उतरवणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्या माणसाला अचानक घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं आणि गोड खावंसं वाटलं तर ती तलफ समजू नका. रक्तातली साखर उतरलेली असू शकते. ती दर डेसिलिटरला (१०० मिलिलिटरला) ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पाण्यात चार छोटे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर विरघळवून लगेच घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तपासायची सोय हाताशी नसेल तर वाट बघत बसू नका, साखर घ्या. अशा मंडळींनी कार्ब्स, म्हणजे भात, पाव, बटाटा, साखर यांतली कर्बोदकं, कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, कारण जेवण बदललं की औषधाचा डोसही बदलावा लागतो.

पायरी १: आठवडाभर काही बदलू नका, फक्त लिहा

एक छोटी वही घ्या. तलफ आली की चारच गोष्टी टिपायच्या: किती वाजले, काय खावंसं वाटलं, त्याआधी कधी आणि काय खाल्लं होतं, आदल्या रात्री झोप किती झाली. खाल्लं की नाही हेही लिहा, पण त्यावर शेरा मारू नका. माझ्या वहीतल्या नोंदी अशा होत्या:

मंगळवार, ४.५०. केक. शेवटचं खाणं १२.३० ला, नुसतं सूप. झोप साडेपाच तास.
गुरुवार, १०.३० रात्री. बिस्किटं. जेवण ८ ला, उभ्या-उभ्या.
शनिवार. दिवसभर काही नाही. दुपारी दोन अंडी, भाजी, भात.

सातव्या दिवशी पानं उलटून बघितली तेव्हा हसूच आलं. दिवसभर खा-खा सुटते असा माझा समज होता. प्रत्यक्षात ती दोनच वेळांना येत होती, आणि दोन्ही वेळा आधीचं जेवण नावापुरतं झालेलं होतं. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींना गोडाची ओढ वाढते. ते दिवस आधीच माहीत असले तर निदान बावचळायला होत नाही.

लिहिताना एक साधी परीक्षा करून बघा. स्वतःला विचारा, ‘आत्ता उकडलेलं अंडं किंवा वाटीभर शिजलेली डाळ मिळाली तर खाशील का?’ उत्तर ‘हो’ आलं तर पोटात खरोखर कावळे ओरडताहेत. मग जेवा, त्यात अपराध नाही. ‘नको, चॉकलेटच हवं’ असं आलं तर ती तलफ.

पायरी २: दुपारचं जेवण भरभक्कम करा

माझ्या अनुभवात निम्मं काम इथेच होतं, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घालवते.

दुपारच्या जेवणात साधारण २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं जातील असं बघा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेल्या डाळीत किंवा कडधान्यात ८-९ ग्रॅम, पाणी निथळलेल्या १०० ग्रॅम घट्ट दह्यात १० ग्रॅमच्या आसपास, आणि १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये ३० ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं असतात. म्हणजे एक अंडं खाऊन ‘आज प्रोटीन झालं’ म्हणण्यात अर्थ नाही. जोडीला तंतुमय पदार्थ हवेत. मोठ्या माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सालासकट फळं, भाज्या, कडधान्यं आणि अख्खी धान्यं मिळून तो आकडा गाठता येतो, पांढऱ्या पावावर तो कधीच गाठला जात नाही.

आणि हो, ताटात कार्ब्सही हवेत. इथे एक जुना प्रयोग मला फार आवडतो. १९९५ साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारत राहिले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले होते. क्रॉसाँला, म्हणजे लोणी घातलेल्या फ्रेंच पावाला, मिळाले ४७. सगळ्यात वर कोण आलं? उकडलेला बटाटा, ३२३ गुणांनी. वजन कमी करणारा माणूस ज्याला ताटातून पहिल्यांदा हाकलतो तोच. बटाटा तळून, मीठ लावून पिशवीत भरला की मात्र गोष्ट पार बदलते. तेव्हा ‘कार्ब्स’ या एका शब्दाखाली सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका.

खाण्याचा क्रमही कामी येतो. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांवर एक छोटा प्रयोग झाला. जेवण तेच, फक्त एका दिवशी पाव आणि संत्र्याचा रस आधी, तर दुसऱ्या दिवशी भाज्या आणि चिकन आधी व पाव-रस १५ मिनिटांनी. भाज्या आधी खाल्ल्या त्या दिवशी तासाभरानंतरची रक्तातली साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी निघाली. प्रयोग अगदी लहान आहे आणि मधुमेह नसलेल्यांना तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण क्रम बदलायला काही खर्च येत नाही, तेव्हा करून बघायला हरकत कसली?

रस आणि गोड पेयं मात्र सरळ बंद केलेली बरी. फळ चावून खाल्लं तर पोटाला कळतं, ग्लासातून प्यायलं तर घशालाच काय ते कळतं.

पायरी ३: आवडीच्या पदार्थाला बंदी नको, वेळ द्या

‘आजपासून साखर बंद, भात बंद’ ही घोषणा पहिल्या आठवड्यात फार गोड फळं देते. वजनकाटा दोन-दोन किलो खाली येतो. यामागचं गणित समजून घ्या. यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातली राखीव साखर, साठवून ठेवतात, आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कार्ब्स तोडले की हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. म्हणजे उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा फार थोडा. पुढे एक दिवस भात खाल्ला की तेच पाणी परत येतं, काटा वर जातो आणि माणूस म्हणतो, ‘बघा, मला भात बाधतो!’

कार्ब्स तोडल्याशिवाय वजन उतरतच नाही, हेही खरं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीच्या किंवा कमी कार्ब्सच्या आहारावर ठेवलं होतं. वर्षअखेर एका गटाचं सरासरी ५.३ किलो, दुसऱ्याचं ६ किलो उतरलं. दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता. म्हणून जो आहार तुम्हाला महिनोन्महिने जमेल तो घ्या.

बंदी घातली की डोकं तिथेच घुटमळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून एक प्रयोग झाला होता. ती मुलं पुढेपुढे खाण्याची स्वप्नं बघायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली. आपलं डाएट इतकं कडक नसतं हे मान्य. पण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हा अनुभव नवा नाही.

तर काय करायचं? आवडीचा एक पदार्थ निवडा. आठवड्यातून दोन-तीनदा, जेवण झाल्यावर लगेच, ताटलीत वाढून, बसून खा. या चारही अटी महत्त्वाच्या आहेत. भरल्या पोटी चॉकलेटच्या दोन वड्या पुरतात, संध्याकाळी पाचला रिकाम्या पोटी अख्खा बार पुरत नाही. पुड्यातून थेट खाणं टाळा, कारण पुड्याला तळ असतो, खाणाऱ्याला नसतो.

पायरी ४: घराची मांडणी बदला

हे पाच मिनिटांचं काम आहे. ओट्यावरचे, टेबलावरचे आणि कामाच्या जागेच्या खणातले पुडे उचला आणि अपारदर्शक डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवा. फळं आणि भाजलेले शेंगदाणे समोर ठेवा. खरेदीला उपाशीपोटी जाऊ नका, आणि जे आणायचंच आहे ते छोट्यात छोट्या पाकिटात आणा.

पाकीटबंद खाण्याबद्दलचा एक आकडा लक्षात राहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. त्यांना कोणी आग्रह केला नव्हता.

पायरी ५: तलफ आलीच, तर १५ मिनिटं काढा

तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते. चढत असताना वाटतं की ही आता अशीच वाढत जाणार, पण तसं होत नाही. प्रश्न मधली काही मिनिटं काढण्याचा असतो.

तलफ म्हणजे बरंचसं डोळ्यांपुढे उभं राहिलेलं चित्र असतं: वितळलेलं चॉकलेट, गरम पावावरचं लोणी. हे चित्र पुसायला डोळ्यांनाच दुसरं काम द्यावं लागतं. प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये तलफ आलेल्या लोकांना ३ मिनिटं टेट्रिस, म्हणजे ठोकळे रचायचा खेळ, खेळायला दिला. काहींना मात्र ‘लोड होत आहे’ अशी नुसती पाटी बघत बसवलं. खेळणाऱ्यांची तलफ जास्त उतरली. मी स्वतः कपाटातला एक खण आवरायला घेते. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात १५ मिनिटं भरभर चालल्यानेही गोडाची ओढ कमी झाली होती, तेव्हा जिना किंवा गच्ची हाताशी असेल तर तेही चालेल.

‘ग्लासभर पाणी प्या’ हा सल्ला सगळीकडे असतो. तहान लागली असेल तर जरूर प्या. चॉकलेटची तलफ पाण्याने गेली असं मला तरी एकदाही झालेलं नाही.

१५ मिनिटांनंतरही हवंच असेल तर ताटलीत घ्या आणि खा. हरलात वगैरे काही नाही.

पायरी ६: झोप

शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ तरुणांना दोन रात्री फक्त ४ तास झोपू दिलं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, आणि ओढ सर्वांत जास्त वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल बघून दुसऱ्या दिवशी डाएट पाळायला निघणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं.

पायरी ७: पुडा संपलाच, तर

हिशोब करा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. बिस्किटांतून ५०० कॅलरी जास्त गेल्या तर चरबी वाढेल ती फार तर ६५ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर जास्त दाखवत असेल तर ते बहुतांशी पाणी, म्हणून त्या दिवशी काट्यावर उभंच राहू नका. भरपाई म्हणून उपाशीही राहू नका. नाहीतर दुपारी काकडी, रात्री पुडा हे चक्र तिथूनच पुन्हा सुरू होतं. नेहमीच्या वेळी, नेहमीएवढा नाश्ता करा.

मात्र थोड्या वेळात खूप खाल्लं जातंय, थांबताच येत नाही, लपून खावं लागतंय, नंतर स्वतःची किळस येतेय आणि हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चाललंय, असं असेल तर वही आणि पायऱ्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्या आजाराला नाव आहे आणि उपचारही आहेत.

महिन्याभराने पुन्हा सात दिवस वही लिहा. माझ्या दुसऱ्या वहीत रात्रीच्या दोनच नोंदी निघाल्या. दोन्ही दिवशी दुपारचं जेवण राहून गेलं होतं.